मेलेल्या बोटांची परीक्षा

आमच्या घरात बधीर ही शिवी होती. आईच्या तोंडची, आणि खास बाबांसाठी राखून ठेवलेली. शिवी देतानाही तिचं ‘अहो’ काही सुटायचं नाही. “अहो, बधीर झालात काय? केव्हाची हाका मारतेय!” बाबा मान खाली घालून भात कालवत असायचे आणि हिच्या तोंडाचा पट्टा चालू. एका शब्दावर भागणारी बाई नव्हेच ती. मख्ख, ढिम्म, कोडगे, निगरगट्ट, मुर्दाड. लहानपणी मला वाटायचं, हे सगळे एकच. पण आईकडे प्रत्येकाची जागा ठरलेली होती. सांगितलेलं काम विसरले की मख्ख. ती भांडत असताना पेपर वाचत बसले की ढिम्म. तीच चूक परत केली की कोडगे. मुर्दाड मात्र तिनं माझ्यादेखत एकदाच काढला, तिची आई गेली आणि बाबांच्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही तेव्हा. मी दहावीत होते. मनात म्हटलं, बरोबर बोलते ही.

हे लिहिताना मला राग येतोय आणि तो झाकायचा माझा विचार नाही. कोणाकोणाचा ते सांगतेच.

मी वसईत एका दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे मदतनीस आहे. अकरा वर्षं झाली. दाढ काढायच्या आधी हिरडीत बधीर करायचं इंजेक्शन देतात, ते भरून हातात द्यायचं माझं काम. मग बाई दुसऱ्या खुर्चीकडे वळतात आणि पेशंटपाशी मी उभी. दर दोन मिनिटांनी विचारायचं, “जड वाटतंय का? ओठ सुन्न झाला का?” दिवसाला कितीदा विचारते त्याचा हिशेब नाही. लोक काय काय उत्तरं देतात! कोणी म्हणतं झिणझिण्या आल्या, कोणी मुंग्या, कोणी म्हणतं गाल पावासारखा फुगलाय. सांडोरहून केळी-भाजी घेऊन बाजारात येणाऱ्या एक मावशी आहेत, त्यांनी आरसा मागून घेतला होता, गाल जागेवर आहे का बघायला. एक कोळीण आजी तर खुर्चीतून उठूनच बसली. “डाक्टर, माजा व्हट कोनी नेला? ह्यो कोना दुसऱ्याचा लावलाय!” आम्ही सगळे पोट धरून हसलो होतो.

पण या कामात एक गोष्ट मी पक्की शिकले. माणसं खोटं बोलतात. निम्मे लोक औषध चढायच्या आधीच “झालं, झालं” म्हणतात. का, तर उगाच डॉक्टरांना खोळंबा नको, आपण भित्रे दिसायला नको. आणि मग चिमटा लावला की किंचाळतात. म्हणून मी तोंडाच्या शब्दावर जात नाही, डोळ्यांकडे बघते. हिरडीला हलकेच टोचते आणि भुवई हलते का ते बघते. आमच्या बाई चारचौघांत सांगतात, “हिला कोणी फसवू शकत नाही.” मला त्याचा कोण अभिमान. हे लक्षात ठेवा, कारण पुढे मी काय दिवे लावले तेही मलाच सांगायचं आहे.

बाबा सातिवलीला एका गाळ्यात हँड ग्राइंडर चालवायचे. बावीस वर्षं. पंपाचे, व्हॉल्व्हचे ओतीव लोखंडी भाग यायचे आणि त्यांच्या कडांना राहिलेलं जास्तीचं लोखंड घासून काढायचं. मशीन दोन्ही हातांत धरायचं आणि ते सकाळपासून संध्याकाळपर्यंत थरथरतं. घरी आल्यावरही बाबांच्या हातातल्या कपातला चहा हलत असायचा. थंडीच्या दिवसांत सकाळी तोंड धुताना त्यांची बोटं खडूसारखी पांढरी पडायची. आधी टोकं, मग अर्धी, मग पुरती. ते बोटं काखेत दाबून बसायचे आणि म्हणायचे, “मेली साली. उठतील हळूहळू.” गाळ्यातला शब्दच तो. बोटं मेली. सगळ्यांचीच मरायची आणि सगळेच त्यावर हसायचे.

कधीतरी तिथं एकाचं बोट चाकाखाली आलं. त्याला कळलंच नाही. शेजारचा ओरडला म्हणून मशीन बंद झालं, नाहीतर काय झालं असतं देव जाणे. तेव्हापासून मालकानं एक पद्धत घातली. मालकाला कामगारांची काळजी, असं वाटत असेल तर तसं काही नाही. दर महिन्याच्या पहिल्या दिवशी सुपरवायझर सगळ्यांना रांगेत उभं करायचा. डोळे मिटायचे, हात टेबलावर पालथा ठेवायचा, आणि तो टाचणीनं बोटांना टोचणार. कळलं तर “हो” म्हणायचं. ज्याला कळणार नाही त्याची मशीनवरून उचलबांगडी, सरळ पॅकिंगच्या टेबलावर. तिथं पगार कमी, आणि त्याहून जास्त म्हणजे अब्रू गेली. “अमका पॅकिंगला लागला” हे वाक्य हे लोक एखाद्याचं दिवाळं निघाल्यासारखं सांगायचे. हात कसा वाचवायचा, मोजे द्यायचे का, मशीन बदलायचं का, याची चौकशी नाही. परीक्षा तेवढी घ्यायची. मला तो सुपरवायझर कधी रस्त्यात भेटला तर मी काय बोलेन ते इथं लिहिता येणार नाही.

माणसांनी मग परीक्षेत पास व्हायची युक्ती काढली. बोटात जीव नसला तरी कोपरात असतो. कोपर टेबलावर नीट टेकवायचं, मनगट सैल सोडायचं आणि लक्ष सगळं कोपरात ठेवायचं. बोटावर टाचणी दाबली की तो धक्का हाडातून वर कोपरापर्यंत येतो. अगदी बारीक, पण येतो. आला की “हो” म्हणायचं. जुन्यांनी नव्यांना शिकवलं आणि बाबा त्यात इतके तयार झाले की दुसऱ्यांच्या तालमी घ्यायचे. पुढे पुढे सुपरवायझर लबाडी करायला लागला, कधी टाचणीचं टोक तर कधी डोकं लावायचा, आणि टोचतंय की बोथट आहे ते विचारायचा. या लोकांनी तेही ओळखलं. टोक लावताना माणूस जपून लावतो, धक्का हळू येतो. डोकं लावताना बेफिकीर असतो. एका रविवारी बांगड्याचं कालवण जेवताना बाबांनी हे सगळं आम्हाला साभिनय करून दाखवलं. आईनं डोळे मिटून सुपरवायझर झालेल्या बाबांना फसवून बघितलं, मीही बघितलं. हसून हसून ठसका लागला आम्हाला. एकीलाही सुचलं नाही की विचारावं, अहो, पण म्हणजे तुम्हाला बोटांना काहीच कळत नाही? दिवसभर लोकांना हेच विचारणारी मी, आणि घरी बसून काटे काढून बांगडा खात होते.

गेल्या वर्षी तो गाळा बंद झाला. बाबा घरी. चंदनसारच्या आमच्या वन बीएचकेत दिवसभर पुरुषमाणूस घरात म्हणजे आईला कुठं उठू नि कुठं बसू. एक दिवस तिनं हाक मारली, “अहो, तेवढा टोप उतरवा!” गॅसवर भाताचा टोप होता. बाबांनी तो उतरवला. दोन्ही हातांनी, फडक्याशिवाय, कडांना धरून, सावकाश चालत ओट्याच्या दुसऱ्या टोकाला नेऊन ठेवला. आई बघत राहिली. मग वास आला. कातडीचा. बाबा आमच्या तोंडाकडे बघून म्हणाले, “काय झालं? गरम होता काय?”

त्या दिवशी आईनं शिवी दिली नाही. तिनं त्यांचे दोन्ही हात नळाखाली धरले आणि ती रडत होती. बाबा तिला समजावत होते की अगं दुखत नाही, खरंच दुखत नाही. दुखत नाही म्हणूनच ती रडत होती, पण ते त्यांना कळेना.

मग आमची पळापळ सुरू झाली. गाळ्यांतल्या कामगारांच्या अडचणी बघणारे एक गृहस्थ आहेत, त्यांनी सांगितलं की हे कामामुळे झालंय असं सरकारी तपासणीत सिद्ध झालं तर दर महिन्याला थोडी पेन्शन सुरू होते. आमच्या घरात त्या कागदावर काय अवलंबून होतं ते साफ सांगते. बाबांनी दुसऱ्या गाळ्यात शब्द देऊन ठेवला होता. तोच हँड ग्राइंडर. आई पाया पडली, मी भांडले, ते ऐकेनात. “हात चालतात तोवर बसून खाणार नाही.” शेवटी आम्ही त्यांच्याकडून कबूल करून घेतलं की कागद मिळाला तर जाणार नाहीत. नाही मिळाला तर सोमवारपासून मशीन. गरम टोप न कळणाऱ्या हातांत दर मिनिटाला हजारो वेळा फिरणारं चाक. झोप उडाली होती माझी.

बाकी सगळे कागद जोडून झाले होते. उरली होती ही एक तपासणी. आदल्या संध्याकाळी मी बाबांना समोर बसवून सांगितलं, “डॉक्टर टोचतील. लागलं तर लागलं म्हणा, नाही लागलं तर नाही म्हणा. जे असेल ते.” बाबा म्हणाले, “एवढं काय त्यात? मला काय कळत नाही?” आणि टीव्हीचा आवाज वाढवला.

सरकारी दवाखान्यातले तपासणीचे डॉक्टर तरुण होते. शांत, चष्मा, टेबलावर फायलींचा ढीग. मला दारापाशी बाकावर बसायला सांगितलं. दार उघडंच होतं, सगळं दिसत होतं. ते म्हणाले, “काका, आरामात बसा. डोळे मिटा. मी बोटांना काहीतरी लावीन. टोचलं तर टोचतंय म्हणा, बोथट वाटलं तर बोथट. काहीच नाही कळलं तर गप्प राहा.”

बाबांनी खुर्ची पुढे ओढली. शर्टाची बाही वर सारली. आणि कोपर टेबलावर टेकवलं.

मी ते बघितलं. बघितलं आणि समजलंही. तिथंच उठून ओरडायला हवं होतं, डॉक्टर, त्यांचा हात उचला! पण मी बसून राहिले. मला वाटलं, नाही, इतकं कसं करतील? सोमवारी काय होणार आहे ते त्यांना माहीत आहे. सवयीनं टेकवलं असेल.

“टोचतंय,” बाबा म्हणाले. “टोचतंय. बोथट. टोचतंय. बोथट. बोथट.” उजव्या हाताची पाच, डाव्याची पाच. एकही चूक नाही. चेहरा असा, पाढे म्हणणाऱ्या पहिल्या नंबरच्या मुलाचा. डॉक्टरांनी दोनदा वेग बदलला, मध्येच थांबून बघितलं. बाबा हलले नाहीत. माझ्या डोळ्यांदेखत त्या माणसानं दहाच्या दहा मेलेली बोटं जिवंत करून दाखवली. डॉक्टर फायलीत लिहायला लागले आणि म्हणाले, “काका, बोटं चांगली आहेत की तुमची.” बाबा चक्क लाजले.

बाहेर आले तर तोंडावर हसू. मला म्हणतात, “एकही चुकलो नाही बघ.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिथं औषधाच्या रांगेत पंधरा-वीस माणसं उभी, मला कोणाची पर्वा राहिली नाही. “कशासाठी आलो होतो आपण? नापास व्हायला आलो होतो! नापास!” बाबा गोंधळून माझ्याकडे बघत राहिले. “अगं, ते विचारत होते, मी सांगत गेलो.” मी म्हटलं, “तुम्हाला कळलं होतं का बोटाला? खरं सांगा.” तर म्हणतात, “कोपराला कळत होतं ना.” आणि मग मी बोलले. आईचाच शब्द, तिनं उभ्या आयुष्यात एकदा वापरलेला. मुर्दाड. तुम्ही मुर्दाड आहात, म्हटलं, आणि बाकीच्यांनाही मारणार आहात. रांगेतल्या एका बाईनं वळून बघितलं. बाबांनी हात खिशात घातले.

त्यांनी उलट उत्तर दिलं असतं तर बरं झालं असतं. ते एवढंच म्हणाले, “बाय, तिथं डोळे मिटून टाचणीची वाट बघत बसलं ना, की दुसरं काही सुचत नाही. इतक्या वर्षांत एकदा जरी चुकलो असतो तर पॅकिंगला गेलो असतो. तुझं शिक्षण झालं असतं का पॅकिंगमध्ये?”

मला रडू आलं आणि रडू आलं याचाही राग आला. मी तशीच आत घुसले. डॉक्टरांना सगळं सांगितलं, गाळा, सुपरवायझर, कोपर, भाताचा टोप. मला वाटलं होतं, हाकलून देतील. मला मनापासून त्या माणसाचा राग करायचा होता आणि तो नीट ऐकून घेत होता, ही पंचाईत. त्यांनी चष्मा काढून ठेवला. म्हणाले, “ही कोपराची भानगड मी पहिल्यांदा ऐकतोय. बोलवा त्यांना. परत बघतो. आज फाईल बंद झाली की मग मला काही करता येणार नाही.”

आता माझे दिवे.

मी धावत बाहेर आले. बाबांचा दंड धरला. तेव्हा शांतपणे सांगायला हवं होतं की काल सांगितलं तेच, जे असेल ते बोला. अकरा वर्षं मी हेच करते ना! घाबरलेल्या माणसाला धीर द्यायचा, घाई करायची नाही, त्याच्या तोंडात उत्तर घालायचं नाही. आणि मी दात ओठ खाऊन म्हटलं, “आता त्यांनी काहीही विचारलं तरी नाही म्हणायचं. कळलं? काहीही! नाही, नाही आणि नाही. एवढं तरी करा माझ्यासाठी.”

बाबांनी मान हलवली. आज्ञाधारक माणूस. कोणी काही सांगितलं की करायचं, बावीस वर्षं तेच तर केलं.

या वेळी डॉक्टरांनी त्यांचा हात टेबलाला लागू दिला नाही. स्वतःच्या तळहातावर त्यांचं बोट अलगद धरलं. टोचलं. “काही कळतंय?” “नाही.” दुसरं बोट. “नाही.” दहाही बोटं, नाही. मी बाकावर मुठी आवळून बसले होते, मनात म्हणत होते, बस, झालं, आता लिहा. पण डॉक्टर थांबले नाहीत. ते मनगटाकडे सरकले. टाचणी टेकली तसा बाबांचा हात झटकन मागे आला. तोंडानं म्हणाले, “नाही.”

डॉक्टरांनी वर बघितलं. कोपराच्या वर टोचलं. बाबांनी ओठ दाबला. “नाही.” मग त्यांनी टाचणी बाबांच्या गालाला लावली. अगदी हलकी. बाबांची पापणी थरथरली, आणि मला लांबून, दारातून दिसलं की यांना लागलंय.

“काका, इथंही नाही?”

“नाही.”

डॉक्टरांनी टाचणी ट्रेमध्ये ठेवली आणि माझ्याकडे बघून विचारलं, “असं सांगायला तुम्ही शिकवलंत का?” मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार? ते चिडलेही नाहीत. चिडले असते तर मी भांडले असते. त्यांनी सावकाश लिहिलं, आणि कागद माझ्याकडे फिरवून दाखवला, म्हणजे नंतर वाद नको. उत्तरं विश्वास ठेवण्याजोगी नाहीत, अशा अर्थाचं इंग्रजीत लिहिलं होतं. खाली सही. “अपील करता येतं,” ते म्हणाले. “पण त्याला महिने जातात.” बाबा अजून डोळे मिटूनच बसले होते. उघडा म्हणून कोणी सांगितलं नव्हतं.

बाहेर आल्यावर मी रिक्षा केली, आधी एकटीच जाऊन बसले आणि बाबा मागून येऊन शेजारी बसले. हायवेला लागलो. धूळ, कंटेनर, हॉर्न. मला वाटलं आता तरी गप्प बसतील. कसले बसतात! त्यांना बरं वाटत होतं. परीक्षा संपली की पोरांना वाटतं तसं. बोलायला लागले, नव्या गाळ्याबद्दल. मालक सज्जन आहे. दुपारचा चहा गाळ्याचा. मशीन नवीन आहेत, कमी थरथरतात म्हणे. सुपरवायझर ओळखीचाच, चिपळूणकडचा. “आणि तिथं टाचणीबिचणी काही नाही. कोणी बघायलाच येत नाही हात.”

कोणी बघायला येत नाही हात. हे ते मला धीर द्यायला सांगत होते.

मला त्यांना मारावंसं वाटत होतं. मोठी बाई मी, माझी मुलगी चौथीत आहे, आणि शेजारी बसलेल्या साठीच्या बापाला दोन्ही हातांनी बडवून काढावंसं वाटत होतं. माणूस आहात की दगड? लागू दे. एकदा तरी काहीतरी लागू दे यांना. मी त्यांचा उजवा हात ओढून माझ्या मांडीवर घेतला. बाबांना वाटलं, माझा राग गेला. त्यांचा चेहरा एकदम उजळला. माझा हात त्यांनी आपल्या हातात शेवटचा केव्हा धरला होता मला आठवत नाही. ते बोलत राहिले, बाहेर बघत, दाखवत, ही बघ इथं नवीन बिल्डिंग झाली, इथं आधी मिठागरवाल्यांची पोरं क्रिकेट खेळायची.

त्यांच्या तर्जनीच्या नखाच्या कडेला कातडीचं एक सालपट सुटलेलं होतं. आपल्याला साधा धक्का लागला तरी जीव जातो, तसलं. मी ते चिमटीत धरलं आणि ओढलं. ते बोलत होते. अजून ओढलं. पेराच्या दिशेनं ते आत आत सोलत गेलं, मला जाणवत होतं कातडी कशी सुटतेय ते, माझ्याच दाताखाली खडा आल्यासारखं झालं, तरी मी थांबले नाही. मी त्यांच्या भुवईकडे बघत होते. भुवई हलली नाही. “या पुलाचं काम संपलं ना,” ते म्हणाले, “की वीस मिनिटं वाचतील बघ.” सालपट तुटून माझ्या हातात आलं.

मग रक्त आलं. भळाभळा नव्हे, पण बरंच. माझी बोटं, माझी ओढणी. मी हात सोडून दिला. बाबांचं लक्ष तेव्हा गेलं. ते आधी ओढणीकडे बघत राहिले, मग त्यांनी माझा हात धरला, दोन्ही हातांत, आणि एकेक बोट वळवून बघायला लागले. अंगठा, तर्जनी, मधलं. परत अंगठा. त्यांच्या बोटाचं रक्त माझ्या हाताला आणखी लागत होतं आणि बाबा ते शर्टाच्या टोकानं पुसत होते, जपून, मला दुखू नये म्हणून फुंकर घालत. “कुठं कापलं गं? या पत्र्याला लागलं काय? दिसत कसं नाही कुठं? दुखतंय का, बाय?”



बाबांनी पुढे वाकून रिक्षावाल्याच्या खांद्याला हात लावला. “जरा मेडिकल दिसलं की थांबव रे. पोरीच्या हाताला लागलंय.”